दोन पडदे खाली

प्रिय कर्कशे,

तू मागितलेले काळे बूट या खोक्यात आहेत. उजव्याचा तळवा पुन्हा नवा करून घेतलाय. दुरुस्तीवाल्यानं दोन्ही बूट शेजारीशेजारी ठेवले, बराच वेळ न्याहाळले आणि हळूच विचारलं, "डावा जसाच्या तसा, आणि उजव्याची पार चाळण. बाई लंगडतात का हो?" मी म्हणालो, "नाही, ताल धरतात." त्यावर त्यानं माझ्या झोळीत अडकवलेल्या हाताकडे पाहिलं आणि बूट कागदात गुंडाळायला घेतले. ताल धरणाऱ्या बाईचा नवरा असाच दिसणार, अशी त्याची समजूत झाली असावी.

पत्र मुद्दाम उजव्या बुटात ठेवलंय. कुठल्याशा हॉटेलात बुटातून झुरळ निघालं, तेव्हापासून तू बूट उलटा करून झटकल्याशिवाय पायात घालत नाहीस. या वेळी झुरळाच्या जागी नवरा निघाला, एवढंच समज. फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस आणि मी दोन विनोद करून निसटतो. कागदावर मात्र कर्ता, कर्म, क्रियापद सगळ्यांना हजर राहावं लागतं. वडील म्हणायचे, ज्याला क्रियापदापर्यंत पोचायचं नसतं तो विशेषणं वाढवतो. मीही आज थोडी वाढवणार आहे, पण पोचेन.

घरची खबर. परवा दुपारी वरचे काका काठी घेऊन खाली आले. मला वाटलं, सवयीनं तक्रार करायला आले. तर म्हणाले, "काय चाललंय काय? इतके दिवस खालून आवाज नाही. माझी दुपारची झोप उडालीय." इतकी वर्षं ज्या माणसानं आपल्या डोक्यावर काठी आपटली, ज्यानं घरमालकाला 'खालचं बिऱ्हाड असह्य आहे' असं लिहून दिलं आणि आपल्याला फुकटात बँडचं नाव मिळवून दिलं, त्यानं हे म्हणावं. तुला आठवत असेल, 'खालचं बिऱ्हाड' असं छापलेली पहिली रेकॉर्ड आली तेव्हा यांनी एक विकत घेतली होती, पुरावा म्हणून. मी सांगितलं, बाई दौऱ्यावर आहेत. "मग तुम्ही वाजवा की." मी हात दाखवला. ते चहाला बसले. अर्धा कप झाल्यावर म्हणाले, "बाई गातात बऱ्या. गिटार जरा लांबते." बिस्किटांचा डबा मी तेवढ्यात फळीवर ठेवून दिला.

आता माझ्या जागी आलेल्या तुझ्या त्या नव्या गिटारवादकाविषयी. मी त्याला मनातल्या मनात 'प्रतिनिधी' म्हणतो. शास्त्रात ही सोय आहे. विधीला हवी ती वनस्पती मिळाली नाही, तर तिच्यासारखी दिसणारी दुसरी घ्यावी, काम अडू देऊ नये. वडील हे शिकवत असताना मी विचारलं होतं, "आणि दुसरीच जास्त चांगली निघाली तर?" ते म्हणाले, "ग्रंथकारांना असल्या शंका येत नसत." आज उलगडा होतो. ग्रंथकारांपैकी कुणी हात झोळीत घालून घरी बसलेलं नव्हतं, आणि कुणाचा मेहुणा त्यांना रोज व्हिडिओ पाठवत नव्हता.

तुझ्या भावाला वाटतं, तो माझ्यावर उपकार करतोय. ड्रम आवरून झाले की हा फोन उघडतो, 'भाऊजी, आजचं बघा' असं लिहून व्हिडिओ पाठवून देतो. मी बघतो. प्रतिनिधीला केस भरपूर आहेत, हे मी पहिल्याच दिवशी मान्य केलं. शर्ट इस्त्रीचा असतो. वाजवतो स्वच्छ, चूक सापडावी म्हणून मी कान टवकारून बसलो आणि हात हलवत परत आलो, तोही एकच. पण एक सांग, तू हनुवटी वर केलीस की हा लगेच थांबतो? आपला करार असा होता की, हनुवटी वर झाली की गिटारनं आवरतं घ्यायचं. आणि मी त्यानंतर आणखी एक फेरी घ्यायची, हा त्या करारातला माझा हक्क होता. तू बूट आपटत थांबायचीस, चेहऱ्यावर 'घरी चल, मग बघते' असं लिहिलेलं, आणि लोकांना वाटायचं, काय ही बाईची तन्मयता. हा मात्र हनुवटी पाहून थांबतो. इतका आज्ञाधारक माणूस ब्लूजसारखं तक्रारीचं संगीत कसं वाजवतो, मला कळत नाही.

शिवाय तो तुला पाण्याची बाटली झाकण उघडून देतो. हे मी तिसऱ्या गावच्या व्हिडिओत पाहिलं. आधी वाटलं, योगायोग. चौथ्या गावीही तेच. आपल्या संसारात मी एकाही बाटलीचं झाकण तुला उघडून दिल्याचं आठवत नाही. तुझी मनगटं माझ्यापेक्षा मजबूत आहेत, घट्ट बसलेली लोणच्याची बरणीसुद्धा तूच उघडतेस, म्हणून हा प्रश्न कधी उपस्थित झाला नाही. आता झाला आहे. त्याच व्हिडिओत तू मान मागे टाकून हसलीस. तो काय बोलला ते ऐकू येत नाही. तेवढा तुकडा मी किती वेळा पाहिला ते सांगणार नाही.

मत्सर ही काही मला नवी गोष्ट नाही, हे तुला ठाऊक आहे. मी मत्सराच्याच पायी गिटारवादक झालो. संध्याकाळच्या शाळेत संस्कृत शिकवायचो, म्हणजे दिवसभर दमलेल्या माणसांना शांत झोप देण्याचं काम करायचो. गिटार घरी छंदापुरती. मग एकदा शर्ट आणायला लाँड्रीत गेलो तर काउंटरमागे तू, आणि तुझ्यामागे कपडे वाळवायचं ते मोठं यंत्र घरघरतंय आणि तू त्याच्या वरताण गातेयस. तू एक ओळ म्हणायचीस आणि मधल्या जागेत ते यंत्र उत्तर द्यायचं. मला त्या यंत्राचा हेवा वाटला. प्रेमात पडण्याचं यापेक्षा भारदस्त कारण देता आलं असतं तर वडिलांना सांगायला सोपं गेलं असतं.

ब्लूजची रचना तुला शिकवावी लागली नाही. तीच तक्रार दोनदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत निकाल द्यायचा. तुझं बोलणं मुळातच तसं. "दूध उतू गेलं. मी म्हटलं, दूध उतू गेलं. आता तूच पूस." तू ओळ टाकायचीस, गिटारनं मधल्या जागेत बाजू मांडायची, तू ती फेटाळायचीस. आपण घरात भांडायचो तेच स्टेजवर करू लागलो आणि लोक टाळ्या वाजवू लागले. 'टॉवेल' हे गाणं तर तू काउंटरवरच रचलंस, कुणी तरी न नेलेल्या टॉवेलवरून. 'टॉवेल तुझा दोरीवर, वाळून झाला कडक' हे दोनदा, आणि मग 'तू येऊ नकोस परत, पण टॉवेल न्यायला ये.' तो शेवटचा 'ये' तू इतक्या वर नेलास की लाँड्रीच्या मालकानं आतून विचारलं, भाजलं का कुणाला. हॉटेलांतल्या रविवारच्या जेवणावळींपासून ते मोठ्या सभागृहांपर्यंत आपल्याला त्या 'ये'नं नेलं. ज्या समीक्षकानं तो ऐकून 'कर्कश' असं लिहिलं, त्याला मी आजही धन्यवाद देतो. बायकोला हाक मारायला एवढा घरगुती शब्द मला सुचला नसता.

मग तो फोटो आला, मासिकाच्या पहिल्या पानावरचा. तू माइकसमोर, डोळे मिटलेले, आणि डाव्या कडेला माझं कोपर. नुसतं कोपर. तू तो फ्रेम करून आणलास आणि पाहुण्यांना सांगायचीस, "हे आमचे हे." मी हसायचो. आत जाऊन पुन्हा यायचो आणि पुन्हा हसायचो. पुढे तो रेकॉर्ड कंपनीचा माणूस आला, सूटवाला. म्हणाला, बाईंना मोठा वाद्यवृंद देऊ, या दोघांना घरी बसवू. दोघे म्हणजे मी आणि तुझा भाऊ. तुझा भाऊ लगेच उठून चपला शोधायला लागला. तू सूटवाल्याला म्हणालीस, "हा नसेल तर मला उत्तर कोण देणार?" त्या एका वाक्यावर मी किती वर्षं जगलो, सांगू नये. आता रोज व्हिडिओत पाहतो. कोण देणार, तर हा देतो. नीट देतो, आणि वेळेत संपवतो.

आणखी एक आठवण, मग मुद्द्यावर येतो. 'टॉवेल' जुनं होऊन बरीच वर्षं झाली होती. दुपारची तालीम. तू 'ये'पाशी आलीस आणि थांबलीस, खोकलीस, म्हणालीस, "धूळ आहे." पुन्हा म्हटलं, पुन्हा थांबलीस. "धूळ आहे केवढी या घरात." मग पडदे उतरवलेस, गालिचा गच्चीत नेऊन झोडपलास, माझी पुस्तकंसुद्धा एकेक करून फडक्यानं पुसलीस, मध्येच एखादं उघडून "हे कुणी वाचतं का?" असं विचारत. दुसऱ्या दिवशी तालमीत 'ये' लागला, स्वच्छ, लांब. तू माझ्याकडे विजयानं पाहिलंस. "बघ. धूळच होती." त्यानंतर वरचे काका पाय पुसल्याशिवाय आत यायचे बंद झाले.

आणि तुझी आई गेली त्यानंतरचे दिवस. तू गायलीच नाहीस. दूधवाल्याशीसुद्धा खुणेनं बोलायचीस. मग एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणालीस, "वाजव." मी म्हटलं, जरा थांब, तारा बदलतो, गंजल्यात. जाड तारा चढवल्या. तू विचारलंस, या दोरखंडासारख्या कशाला. मी म्हटलं, वयाला शोभतात. तू गायलीस. 'ये' लागला. त्या दिवशी बूट न घालता, अनवाणी ताल धरला होतास. मग तिथेच जमिनीवर बसून रडलीस आणि म्हणालीस, "आईनं जाताना काही नेलं नाही बघ." मुलाखतींत तू सांगतेस ना, 'आमची पट्टी पहिल्या दिवशी होती तीच आहे, पट्टी उतरवून गाणाऱ्यांनी घरी बसून भाजी निवडावी', ते ऐकताना मला दर वेळी ती सकाळ आठवते.

बुधवारी तुझा फोन आला. "शास्त्री, गळा संपला बहुतेक. आधी कसाबसा ओढून नेला, पण गेल्या तीन गावांत 'ये' लागलाच नाही. रविवारी शेवटचा कार्यक्रम आहे, तिथेच सांगून टाकते की आता गाणार नाही. पट्टी उतरवून रडत गाणं मला जमायचं नाही." मी म्हणालो, "विचार करून ठरव." हे उत्तर तुला समजूतदार वाटलं असेल. खरं सांगू? मला बरं वाटलं. एका कोपऱ्यात, पण चांगलंच बरं वाटलं. मी नाही, तर तुझा 'ये' नाही. प्रतिनिधीचे केस, इस्त्री, झाकणं सगळं एकीकडे आणि ही एक गोष्ट दुसरीकडे. आणि तू घरी येशील, मी घरी आहेच. दोघं भाजी निवडू. त्या दिवशी मी चहात साखर जास्त घातली.

माझ्या हाताचं तू विचारलंस तेव्हा मी 'डॉक्टर खूश आहेत' असं सांगितलं होतं. ते खरं आहे. ते खूश आहेत, कारण कोपरातली नस मोकळी झाली आणि दुखणं थांबलं. डाव्या हाताची शेवटची दोन बोटं मात्र उठणार नाहीत. ते म्हणाले, "रोजची कामं सगळी जमतील." मी म्हणालो, "माझं रोजचं काम तेच होतं." कोपर तेच, मासिकाच्या पहिल्या पानावरचं. म्हणजे प्रतिनिधी हा आता प्रतिनिधी राहिला नाही. हे फोनवर सांगितलं असतं तर तू दौरा टाकून आली असतीस, म्हणून सांगितलं नाही. आता रविवारीच दौरा संपतोय, तेव्हा सांगायला हरकत नाही.

काल तुझ्या भावानं पाठवलेला व्हिडिओ पाहिला. 'टॉवेल' चालू होता. तू 'ये' उचललास आणि तो मध्येच फाटला. आणि नेमका त्याच क्षणी त्यानं, त्या केसाळानं, तोच सूर गिटारवर इतक्या जोरात घेतला की सभागृहाला वाटलं, हे ठरवूनच केलंय. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तुझंही नव्हतं. मी तो तुकडा पुन्हा लावला. तुझ्या हसण्याचा तुकडा पाहून जे झालं नव्हतं ते हे पाहून झालं. हसवणं कुणालाही जमतं. पण तुझ्या आवाजाची फट दिसू नये म्हणून पुढे होऊन उभं राहायचं, आणि त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, हे काम माझं होतं. ते त्याला कुणी शिकवलं नाही. त्याचं त्यालाच सुचलं.

म्हणून हे पत्र. ऐक. त्या दिवशी धूळ नव्हती. तू गालिचा झोडपत होतीस तेव्हा मी गिटारच्या सगळ्या तारा एक पडदा, म्हणजे अर्धा सूर, खाली उतरवल्या. आई गेल्यानंतर, जाड तारा चढवल्या तेव्हा, आणखी एक. आपल्याकडे दुसरं सुराचं वाद्य नाही आणि तुझा भाऊ ड्रमशिवाय कशाला सुरात लावत नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही. इतकी वर्षं तू दोन पडदे खालून गातेयस, आणि प्रतिनिधी गिटारच्या डोक्याला लावलेल्या, सूर जुळवायच्या त्या हिरव्या दिव्याच्या यंत्रावर विश्वास ठेवून जुन्या रेकॉर्डच्या पट्टीत वाजवतोय. तुझा गळा संपलेला नाही. रविवारी त्याला सांग, ते यंत्र बाजूला ठेव आणि सगळ्या तारा दोन पडदे उतरव. 'ये' लागेल. लावणारी तूच होतीस आणि तूच आहेस. मी फक्त, घरातल्या माणसाचा हात पोचावा म्हणून डबा खालच्या फळीवर ठेवतात, तेवढं केलं. यावर तुला राग येणार. येऊ दे. तीच तक्रार दोनदा म्हण आणि तिसऱ्या ओळीत निकाल दे, मी इथेच आहे. हे मी मोठ्या मनानं सांगतोय असा मात्र गैरसमज करून घेऊ नकोस. कालचा व्हिडिओ पाहून माझी खात्री पटलीय, महिन्याभरात तो माणूस हे स्वतःच शोधून काढेल, तुला न सांगता तारा उतरवेल, आणि मग ते त्याचं होईल. ते मला चालणार नाही. त्याला हे माझ्याकडून मिळायला हवं, आणि त्यानं 'असं का' विचारलं तर 'आमच्या ह्यांची पद्धत आहे' एवढं माझं नाव घेऊन सांग. बाकी बाटलीची झाकणं तो उघडतो, ती त्याला उघडू दे. घरी आलीस की मात्र तुझी तूच उघड, आणि माझीही. मला आता जमणार नाही.

तुझाच,
(कोपरापुरता प्रसिद्ध)
शास्त्री